फोटोखाली फक्त ‘अप्रतिम’ लिहायचं का?

गिरगावकर

आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एका मुलाने शिवडीच्या फ्लेमिंगोंचा फोटो टाकला. खाली ‘अप्रतिम’, ‘क्या बात’, ‘कडक’ अशी रांग लागली. मी जरा सविस्तर लिहिलं. त्यावर एका सभासदाने वेगळी पोस्ट टाकली: ‘लोक इथे आनंदासाठी फोटो टाकतात. न मागता चुका काढू नका. आवडला तर लाइक करा, नाहीतर पुढे जा.’ त्या पोस्टला मूळ फोटोपेक्षा जास्त लाइक्स पडले. मला ते फार लागलं, म्हणून इथे लिहितोय.

मी काय लिहिलं होतं ते आधी सांगतो. फोटो सकाळचा होता. शिवडीच्या जेट्टीवर उभं राहिलं की आपलं तोंड पूर्वेला असतं. सकाळी सूर्य खाडीवरून थेट लेन्समध्ये येतो आणि पक्ष्यांची आपल्याकडची बाजू काळी पडते. मुलाने ती उजळवायला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, वाढवलं, तर मागचं पाणी आणि पंखांच्या कडा पांढऱ्याफटक झाल्या. जेपेग फाइलमध्ये पांढऱ्यातले बारकावे एकदा गेले की नंतर एडिटिंगमध्ये कितीही स्लायडर ओढा, परत येत नाहीत. मी लिहिलं, दुपारनंतर जा, सूर्य पाठीशी येईल. भरती चढत असताना जा, पाणी वाढतं तसे पक्षी चिखलावरून सरकत जवळ येतात, मोठी लेन्स नसली तरी भागतं. आणखी एक. सगळा थवा माना खाली घालून चरत होता, एकच पक्षी मान वर करून उभा होता. फोटो तिथेच होता! पण तो पक्षी उजव्या कडेला चिकटलेला आणि कडेच्या बाहेर बघणारा. कॅमेरा जरासा उजवीकडे नेला असता तर त्याच्या नजरेसमोर जागा राहिली असती.

एवढंच. कॅमेऱ्याबद्दल नाही, त्या मुलाबद्दल नाही. फोटो मोठा करून कोपरान्‌कोपरा बघितला आणि मग लिहिलं. जो फोटो खरोखर बघतो तो उद्धट, आणि न बघता टाळ्या वाजवतो तो मनमिळाऊ, हा कुठला न्याय? शिकायला निघालेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून एकटं पाडायचा प्रकार आहे हा.

स्वप्ना_मुलुंड

दादा, ती पोस्ट मी लाइक केली होती, तेव्हा उत्तर देते.

तुमच्यासारखं लिहिणारे किती? मी फोटो टाकला की तासाभरात इनबॉक्समध्ये दोन-तीन पुरुष हजर. ‘मॅडम, आयएसओ समजावून सांगू का?’ ‘रविवारी भेटा, सेटिंग्ज शिकवतो.’ एकाने तर विचारलं, कॅमेरा मिस्टरांचा का? जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे, ते दिवस गेले असं आपण म्हणतो. माझ्या इनबॉक्समध्ये गेलेले नाहीत.

दुसरं. दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांची बोलणी खाते. संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर पाऊस पडताना इंडिकेटरच्या उजेडात काही दिसलं तर फोनवर टिपते. तिथेही कोणी येऊन क्षितिज तिरकं आहे म्हणून सांगावं? मला फोटोंच्या स्पर्धेत मेडल घ्यायचं नाही. माझा आनंद कोणाच्या परीक्षेला बसलेला नाही.

जुना_रोलवाला

गिरगावकरांशी शंभर टक्के सहमत.

आम्ही शिकलो ते दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. आमच्या काळी क्लब कुठलाही असो, प्रिंट स्टँडवर लागायची, सगळे समोर बसायचे आणि एकेक जण बोलायचा. ३६ फ्रेमचा रोल, धुण्याचा खर्च वेगळा. महिनाभराच्या कष्टातली एक प्रिंट घेऊन जायचं आणि कोणी म्हणायचं, डावीकडचा खांब कापून बघ. रात्री घरी येऊन कागदाच्या पट्ट्या ठेवून बघायचं, आणि तो माणूस बरोबर असायचा. वाईट वाटायचं, पण दुसऱ्या महिन्यात आम्ही पुन्हा जायचो.

आता काय, फोन स्वतःच सावल्या उजळवतो, आभाळ निळं करतो. सगळ्यांचे फोटो सारखे. मरीन ड्राइव्हचं तेच झालं. २०१५ साली सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा राणीच्या हाराचा रंगच गेला होता. लोक बोलले म्हणून तरी पुन्हा पिवळट उजेड आला. बोलल्याशिवाय काही सुधारत नाही.

माझं स्वतःचं वळण सांगतो. ससून डॉकला, कुलाब्याच्या मासळीच्या गोदीत, पहाटे काढलेला एक फोटो क्लबात नेला होता. लांबून, दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिलेन्सने, एक कोळीण पाटी उचलताना. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘भितोस कशाला? जवळ जा. २४ मिमीची वाइड लेन्स लाव आणि चेहऱ्यात घुस.’ त्या एका वाक्याने माझी फोटोग्राफी बदलली. त्यांनी नुसतं ‘वा’ म्हटलं असतं तर मी आजही लांबूनच काढत बसलो असतो.

पीएम_डोंबिवली

काका, दिव्यांचा धागा वेगळा काढा, तिथे मीही येतो. बाकी पटलं.

वरळी_कोळीवाडा

‘चेहऱ्यात घुस.’ हे वाचून पुढचं काही वाचवलं नाही.

माझी आई ससून डॉकवरून माल उचलायची. पहाटे पाचच्या आत तिथे पोचायचं, लिलाव उभा राहतो तेव्हा एका नजरेत माल ओळखायचा, भाव करायचा, बर्फ टाकून पाट्या भरायच्या आणि गाडी गाठायची. पायाखाली पाणी आणि बर्फाचा चुरा, डोक्यावर ओझं. अशात समोर उकिडवा बसलेला कोणीतरी, लेन्स तोंडाजवळ. तिने ‘बाजूला हो रे’ म्हटलं की तोच क्षण यांना हवा असतो. रागावलेली कोळीण! कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांचंही तेच. हात बर्फाने आखडलेले, कपडे भिजलेले, आणि वरून कॅमेरा.

आईचा असाच एक फोटो एका प्रदर्शनात लागला होता. खाली लिहिलं होतं ‘कष्ट’. शेजारच्या मुलाने फोनवर दाखवला तेव्हा घरी कळलं. आई पहिल्यांदा म्हणाली काय, तर लुगडं नीट दिसत नाहीये. दिवसभर गप्प होती. त्या फोटोखाली तुमच्यासारख्या जाणकारांनी प्रकाश चर्चिला असेल, कॉम्पोझिशन चर्चिलं असेल. तिला विचारलं होतं का, हे एकाने तरी विचारलं असेल?

भटका_लेन्स

ताई, तुमच्या भावना समजू शकतो, पण हा धागा सूचनांबद्दल आहे. आणि स्पष्ट बोलायचं तर सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला प्रत्येकाची परवानगी घेत बसलं तर स्ट्रीट फोटोग्राफी बंदच करावी लागेल. विचारलं की माणूस पोज देतो, क्षण मेला. जगातलं निम्मं चांगलं काम न विचारता झालेलं आहे.

वरळी_कोळीवाडा

सार्वजनिक कुठे? ससून डॉक पोर्टच्या ताब्यात आहे, फोटोला परवानगी लागते. ती काढून किती जण येतात ते पहाटे जाऊन बघा. आणि पोर्टने हो म्हटलं तरी आईने कुठे म्हटलंय? १८७५ पासून ती गोदी आहे. आमच्या बायकांच्या पिढ्या तिथे गेल्या. तुमच्यासाठी तो रविवार सकाळचा फोटोवॉक आहे.

भावना समजू शकता म्हणालात. माझी भावना नाही, प्रश्न आहे. उत्तर द्या.

भटका_लेन्स

उत्तर दिलं. क्षण जातो. तुम्हाला पटत नाही एवढंच.

आणि आवाज चढवू नका. मी कोणाच्या आईचा फोटो प्रदर्शनात लावलेला नाही.

गिरगावकर

भटका, आवाज तुम्ही चढवलात. ‘धागा सूचनांबद्दल आहे’ म्हणून त्यांना गप्प करायला बघितलंत, आणि मला हे अजिबात आवडलेलं नाही. त्यांनी जे विचारलं तीच सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे, आणि आपल्या कुठल्याच ग्रुपवर ती कोणी करत नाही. फोकस कुठे, क्रॉप कुठे, यावर पानंच्या पानं. समोरच्या माणसाचं काय झालं, यावर शून्य.

क्षण जातो हे तर मुळीच खरं नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते बघा. माणूस गटारात छातीपर्यंत उतरलाय, तरी त्याची लाज काढल्यासारखा एकही फोटो वाटत नाही. ते काम ओळखीतून झालं, रविवारच्या फेरीतून होत नाही. जवळ जाणं लेन्सने होत नाही, काका. तुमच्या ज्येष्ठांचं वाक्य अर्धंच होतं.

जुना_रोलवाला

त्या माणसाबद्दल असं बोलू नका, ते आज हयात नाहीत. त्यांनी आम्हाला फुकट शिकवलं, पदरच्या पैशाने केमिकल आणून दिलं. तो काळ वेगळा होता. फोटो पेपरात आला तर लोक कात्रण जपून ठेवायचे. मी डॉकवरच्या बायकांना प्रिंट नेऊन द्यायचो, त्यांना आनंद व्हायचा.

कोळीवाडा ताई, प्रदर्शनाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. कळवायला हवं होतं. पण आधी विचारलंच पाहिजे हे मला मान्य नाही, ते मी इथे मान्य करणारही नाही.

वरळी_कोळीवाडा

प्रिंट नेऊन देणारे काका आईला आठवतात. असे दोघे-तिघे होते. त्यांच्यावर राग नाही. आज प्रिंटही नाही आणि नावही नाही.

स्वप्ना_मुलुंड

मी मघापासून तेच सांगतेय. सूचना कोण देतो, कोणत्या नात्याने देतो, यावर सगळं आहे. काकांना ज्येष्ठांनी सांगितलं ते पटलं, कारण ते दर महिन्याला भेटत होते. ग्रुपवर हजारो अनोळखी माणसं. गिरगावकर, तुमचं लिखाण चांगलं होतं, हे मी तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणते. पण समोरच्याला हवंय का हे एका ओळीत विचारायला काय हरकत होती?

गिरगावकर

सगळ्यांनी आधी विचारायचं ठरवलं तर कोणीच बोलणार नाही. आळशी माणूस विचारणार नाही आणि ‘अप्रतिम’ लिहून मोकळा होईल. ज्याला नको त्याने फोटोखाली ‘सूचना नकोत’ असं लिहावं. मी एक अक्षर लिहिणार नाही. इनबॉक्समधल्या लोकांबद्दल मात्र तुमच्या बाजूने आहे. जे सांगायचं ते सगळ्यांसमोर, फोटोखाली. इनबॉक्समध्ये शिकवणाऱ्याचे स्क्रीनशॉट टाका ग्रुपवर.

स्वप्ना_मुलुंड

म्हणजे पुन्हा पाटी आम्हीच लावायची. ठीक आहे, लावते. पटलेलं नाही.

नवा_क्लिक

फ्लेमिंगोचा फोटो माझा होता. इतके जण बोलले, मला कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

सर, तुमचं वाचून आधी राग आला, कारण माझ्या दुकानातली दोन पोरं त्या ग्रुपवर आहेत आणि त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. पण उजव्या कडेचं एकदम पटलं. फोटो पुन्हा उघडला तर तोच पक्षी डोळ्यात खुपायला लागला. ‘अप्रतिम’वाल्यांपैकी तो पक्षी कोणालाच दिसला नव्हता, मलाही काढताना दिसला नव्हता.

फक्त दुपारी जा म्हणालात ते जमणार नाही. मी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे, अकराला शटर वर करायचं, रात्री दहाला खाली. रविवारी जास्त गर्दी. मला सकाळच मिळते. सकाळी सूर्य समोर असेल तर मी शिवडीला जायचंच नाही का?

गिरगावकर

जायचं. सूर्य समोर आहे तर त्याच्याशी भांडू नकोस. पक्षी उजळवायचा विचार सोड, पाण्यावर एक्स्पोजर लाव, वजा एक किंवा दीड ठेवून बघ. पक्षी काळे येतील आणि माना, चोची, लांब पाय यांचे आकार राहतील. गुलाबी जाईल, पण फ्लेमिंगोइतकी आकारात ओळख असलेला पक्षी खाडीत दुसरा नाही. फक्त दोन पक्षी एकमेकांवर चढलेले नकोत, काळ्यात काळं मिसळलं की गोळा दिसतो. एकटा सुटा बघ. आणि उजवीकडे जागा ठेव.

भरती मात्र सकाळची मिळायला हवी. ती रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

वरळी_कोळीवाडा

भरतीचं मी सांगते. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या वाजता पाणी पूर्ण भरतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती. थोडं मागेपुढे होतं. तुला सकाळी सहा ते आठ चढतं पाणी हवं, तर द्वादशी-त्रयोदशी बघ, तेव्हा नऊ-दहाच्या सुमारास भरतं. पूर्ण भरायच्या आधी पोच. चिखल झाकला गेला की पक्षी उडून जातात.

जेट्टी सोडून चिखलात उतरू नकोस, मांडीपर्यंत पाय जातो. आणि तिथे होडीवर कोणी जाळं आवरत असेल तर आधी हाक मार, मग कॅमेरा काढ.