गीतमालेची पायदानं खरी किती?

गोदाकाठचा: काल एकाने लिहिलंय, ‘बिनाका गीतमालेत जे वर, तेच देशात गाजलेलं. शंकाच नको.’ गीतमाला म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम; तबकड्यांच्या विक्रीवरून गाण्यांना पायदानं, म्हणजे क्रमांक द्यायचा. डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. रविवार कारंज्याजवळ आमचं हॉटेल होतं. वडिलांनी एक तबकडी आणली, ती सकाळच्या मिसळीपासून रात्री फळ्या लावेपर्यंत वाजायची. खाचा झिजून सुई अडकायला लागली, तरी गिऱ्हाईक म्हणायचं, ‘शेठ, तेच लावा.’ दुकानदाराच्या वहीत विक्री किती? एक. शेजारच्या वकिलांनी दहा घेतल्या, त्या काचेच्या कपाटात. त्यांच्या दहा! याला मोजणी म्हणायचं?

सिडकोवाला: हॉटेलचं वाचून गहिवरलो. पण नुसती विक्री नव्हती हो, पसंतीची कार्डं पाठवणाऱ्या श्रोता संघांची मतंही धरायचे. 1952 मध्ये आकाशवाणीला सिनेगीतांचं वावडं, म्हणून बुधवारी रात्री आठला अख्खी गल्ली रेडिओ सिलोनला चिकटलेली. आणखी काय पुरावा हवा?

गोदाकाठचा: त्याने कार्यक्रम लोकप्रिय ठरतो. चौथं गाणं चौथंच का, सातवं का नाही, हे कसं ठरतं?

जेलरोडची माई: श्रोता संघ म्हणे! आमच्या संघात अध्यक्ष, सचिव आणि मी. कार्डांवर नावं बावीस. चुलतभाऊ हिरवी शाई आणायचा, मी डाव्या हाताने लिहायचे. अक्षर वेगळं दिसावं म्हणून ‘ल’ला उगाच शेपूट.

खरा श्रोता: वा! आणि हे हसत सांगताय? मी खाऊचे पैसे वाचवून एकेक कार्ड टाकायचो, स्वतःच्या नावाने. तुमच्यासारख्यांमुळे माझं गाणं कधी वर आलं नाही.

जेलरोडची माई: कुठलं गाणं?

खरा श्रोता: सांगणार नाही. हसाल.

जेलरोडची माई: बारा वर्षांच्या पोरीवर साठ वर्षांनी खटला भरता? त्यापेक्षा मराठी गाण्यांचं बोला. लग्नात कोळीगीतांवर अख्खा मांडव नाचायचा, ते कुठल्या पायदानावर? आम्हाला आपली रेडिओवरच्या मराठी फर्माइशींची ‘आपली आवड’!

सिन्नरकर: माई, ती हिंदी सिनेगीतांची यादी होती. क्रिकेटच्या धावफलकात कबड्डीचे गुण शोधताय.

जेलरोडची माई: मग ‘देशात गाजलेलं’ म्हणू नका.

सिन्नरकर: हे मात्र मान्य, नाइलाजाने. आणि अमेरिकेचे गोडवे कुणी गायच्या आत सांगतो. गाण्यांच्या याद्या छापणारं तिथलं बिलबोर्ड मासिक, तेही 1991 पर्यंत अल्बमची यादी दुकानदारांना विचारूनच करायचं. बारकोडवरून विक्री मोजायला लागले आणि रॅप, कंट्रीचे अल्बम धाडकन वर. लोकांचे कान का एका आठवड्यात बदलले? आधी दुकानदाराला वाटेल ते छापलं जात होतं. शिवाय 1998 च्या अखेरपर्यंत सिंगल, म्हणजे त्या गाण्याची सुटी तबकडी किंवा कॅसेट, विक्रीला काढलेलं नसेल, तर रेडिओवर गाणं कितीही वाजो, त्यांच्या गाण्यांच्या ‘हॉट 100’ यादीत प्रवेश नाही.

सिडकोवाला: म्हणजे तेही कच्चे, आपणही कच्चे. मग एकट्या गीतमालेला का झोडपता? 1966 ला ‘बहारों फूल बरसाओ’ वर्षात पहिलं. हेही खोटं का, गोदाकाठचे?

गोदाकाठचा: ते बरोबर. अजून वरात त्याशिवाय हलत नाही. एवढं एक दिलं तुम्हाला. त्याला माईंचा हात लागला नसेल.

जेलरोडची माई: लागला होता. नऊ कार्डं.