मदत हवी आहे : बाळाला जी६पीडीची कमतरता – खाणं, तपासण्या आणि नातेवाईक

कोरांटी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगा सात महिन्यांचा आहे. जन्मल्यावर लगेच कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं, आणि ती उतरायलाही वेळ लागला म्हणून डॉक्टरांनी जी६पीडी (रक्तातल्या लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) तपासून घेतलं. रिपोर्टवर फक्त 'डेफिशियंट' एवढा एकच शब्द. आकडा नाही, टक्केवारी नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, काही औषधं टाळायची, कागद जपून ठेवा. आणखी काही विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती. बाळ आता मजेत आहे, वजन नीट वाढतंय, रांगायच्या खटपटी चालू आहेत.

आता वरचं खाणं सुरू करायचंय आणि तिथे मी अडकले आहे. नेटवर आणि व्हॉट्सॅपवर ज्या याद्या मिळाल्या त्यांत एकीचा दुसरीशी मेळ नाही. एकीत सगळी कडधान्यं बंद. दुसरीत सोया बंद, ब्लूबेरी बंद, मेंथॉल बंद, क जीवनसत्त्व बंद, खाण्याचे रंग बंद. तिसरीत फक्त फावा बीन. सगळ्या याद्या एकत्र केल्या तर या मुलाला भरवायचं काय? अजून अंगावर पितोय, म्हणजे मीही हे सगळं सोडायचं का?

दुसरी गोष्ट. माझी धाकटी बहीण गरोदर आहे, सहावा महिना. तिने काही तपासण्या करायला हव्यात का? आम्हाला एक भाऊही आहे, त्याचं लग्न व्हायचंय. आईबाबांपैकी कोणाला कधी असं काही झाल्याचं ऐकिवात नाही.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. डॉक्टरांनी 'हे आईकडून येतं' असं सहज सांगितलं आणि ते सासूबाईंच्या समोर सांगितलं. तेव्हापासून घरात कोणी मोठ्याने काही बोलत नाही, पण फोनवर नातेवाइकांना 'तिच्या माहेरचं आहे' हे मात्र कानावर पडतं. नवरा माझ्या बाजूने आहे. त्याचं म्हणणं, कोणालाच सांगायचं नाही, विषय संपला. मला ते पटत नाही, कारण उद्या पाळणाघरात किंवा शाळेत कोणी नको ते औषध दिलं तर? पण किती जणांना सांगायचं, काय सांगायचं, हेही कळत नाही.

ज्यांच्या घरात हे आहे किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया लिहा.

अर्धविराम

कोरांटी, मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे रिपोर्टबद्दल तेवढं बोलते.

तुमच्याकडे आहे ती गाळणी (स्क्रीनिंग) चाचणी. रक्ताचा ठिपका अतिनील प्रकाशात चमकतो की नाही एवढं बघतात, उत्तर हो किंवा नाही. मुलग्यांमध्ये ती बऱ्यापैकी भरवशाची असते. तरी एकदा परिमाणात्मक चाचणी करून घ्या. त्यात दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे एन्झाइमची किती एककं आहेत ते कळतं. निरोगी पुरुषांच्या मधल्या आकड्याशी तुलना करतात, आणि ३० टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरता पक्की धरतात.

कधी करायची हे महत्त्वाचं. लाल पेशी फुटण्याचा झटका येऊन गेला की लगेच तपासू नका. झटक्यात जुन्या, एन्झाइम संपत आलेल्या पेशी आधी फुटतात, उरतात त्या ताज्या पेशी, आणि ताज्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. मग कमतरता असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, म्हणून झटक्यानंतर तीनेक महिने थांबतात. रक्त चढवलं असेल तरी तेच, कारण तुम्ही मग दात्याचं एन्झाइम मोजत असता. तुमचं बाळ आता ठणठणीत आहे म्हणता, तर हीच वेळ बरी.

दुपारसावली

मी तर म्हणेन याद्यांमधलं सगळंच टाळा. रिस्क कशाला घ्यायची? एवढ्याशा जिवाचा प्रश्न आहे.

टाकीचे_घाव

दुपारसावली, काळजी समजते, पण सगळंच टाळण्याचीही किंमत असते. वाढत्या वयात कडधान्यं, सोया सगळं बंद केलंत तर प्रथिनं आणि लोह कुठून आणणार? आणि साठ गोष्टींची यादी कोणी पाळत नाही. चार दिवसांत कंटाळा येतो, आणि मग त्यातली खरोखर धोक्याची गोष्टही सैल सुटते.

माझ्या मुलाला हेच आहे, तो आता कॉलेजात जातो. मी जे वाचलं, आमच्या रक्तविकारतज्ज्ञांशी भांडून भांडून जे समजून घेतलं, ते लिहितो.

आधी हे का होतं ते. लाल पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचायला ग्लुटाथिओन लागतं, ते वापरात ठेवायला एनएडीपीएच लागतं, आणि लाल पेशीत ते बनवायचा रस्ता एकच, तो जी६पीडीवरून जातो. इतर पेशींकडे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांच्याकडे आडवाटा असतात. लाल पेशीकडे नाहीत. त्यामुळे एरवी ती सुखाने जगते, पण ऑक्सिडीकरण करणारं काही रक्तात आलं की फुटते. हे सापडलं तेही औषधामुळेच. प्रायमाक्वीन हे मलेरियाचं औषध काही जणांनाच का बाधतं याचा माग काढताना शिकागोच्या संशोधकांना १९५६ मध्ये या एन्झाइमची कमतरता दिसली.

खाण्यात पक्का गुन्हेगार एकच : फावा बीन. पाकिटावर ब्रॉड बीन असंही लिहिलेलं असतं. त्यात व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन ही द्रव्यं असतात, पोटात त्यांच्यापासून जी रसायनं निघतात ती लाल पेशींवर तुटून पडतात. बाकीच्या कडधान्यांत ही द्रव्यं अशा प्रमाणात नाहीत. 'सगळी कडधान्यं बंद' हे केवळ फावा बीन त्या कुळातलं म्हणून कोणीतरी जोडून दिलं आणि यादी पुढे सरकत राहिली. ब्लूबेरीचंही तसंच. क जीवनसत्त्व फळांतून, रोजच्या प्रमाणात चालतं, शिरेतून दिलेले मोठे डोस चालत नाहीत. टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, ते मोठा झाल्यावर टाळू दे. तुम्हाला स्वतःला दूध पाजेपर्यंत फावा बीन सोडावं लागेल, कारण आईने खाल्ल्यावर अंगावरच्या बाळाला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. बाकी काही सोडू नका.

औषधांची यादी मात्र गांभीर्याने घ्या : प्रायमाक्वीन, टॅफेनोक्वीन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू, रासब्युरिकेज. आणि ज्या गोष्टीवर कोणी बोलत नाही ती म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. नॅफ्थॅलीनचा नुसता वासही लहान बाळाला पुरतो. गोळ्यांत ठेवलेलं जुनं दुपटं किंवा स्वेटर आठवणीने काढलं आणि तसंच बाळाला गुंडाळलं, असं अगदी सहज घडतं. आज उठून कपाटं रिकामी करा. तान्ह्या बाळाच्या हातापायाला मेंदीही लावू देऊ नका.

प्रत्यक्षात औषधं आणि खाणं यांच्याइतकीच मोठी ठिणगी पडते ती साध्या संसर्गाने. ताप आला असताना किंवा येऊन गेल्यावर एक ते तीन दिवसांत बाळ फिकट दिसलं, डोळे पिवळे झाले, लंगोट काळ्या चहाच्या रंगाचा झाला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा आणि दारातच जी६पीडी सांगायचं.

अवांतर : फावा बीनच्या जनुकांवरही काम झालंय. व्हायसिन बनवणारं व्हीसी१ हे जनुक २०२१ मध्ये सापडलं. व्हायसिन अत्यल्प असलेली वाणं त्याआधीपासूनच होती, आता नेमकं जनुक माहीत असल्याने नव्या वाणांत ते गुण आणणं सोपं झालंय. माणसाचं जनुक बदलण्यापेक्षा शेंगेचं बदललेलं बरं! अर्थात आपण तरीही टाळायचंच, ताटात आलेलं वाण कुठलं हे कोण सांगणार.

दुपारसावली

डांबराच्या गोळ्यांचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

सुतोवाच

बहिणीच्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितोय. जनुकशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतं. म्हणून 'आईकडून आलं' हे वाक्य जीवशास्त्र म्हणून बरोबर आहे. मात्र मुलगा होण्यासाठी वडिलांकडून वाय यावाच लागतो, त्यामुळे एक्सवरचं काहीही मुलग्यात आईकडूनच येणार. यात माहेर-सासर काही नाही.

आता मागे जाऊ. तुमच्याकडे हे बहुधा दोन वाटांपैकी एकीने आलं असेल. (नव्यानेच झालेला बदलही असू शकतो, पण ते क्वचित.) एक, तुमच्या आई वाहक आहेत, म्हणजे त्यांच्या दोन एक्सपैकी एकावर हे जनुक सदोष आहे. तसं असेल तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि भावाला कमतरता असण्याचीही निम्मी. दोन, तुमच्या बाबांनाच कमतरता आहे आणि आयुष्यभर पत्ता लागलेला नाही. हे अजिबात दुर्मीळ नाही, बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. तसं असेल तर बहीण नक्की वाहक, कारण बाबा मुलींना एकुलतं एक एक्स देतात. भावाचा मात्र बाबांच्या कमतरतेशी संबंध उरत नाही, त्याला बाबांकडून वाय आलेला आहे.

म्हणून पहिली चाचणी बाबांची करा. सगळ्यांत कमी खटपटीत सगळ्यांत जास्त उत्तरं तिथून मिळतील. त्यांना जरा खोदून विचारा, तरुणपणी मलेरियाच्या गोळ्यांनी लघवी काळी झाली होती का, कावीळ झाली होती का. ऐकिवात नाही म्हणजे झालंच नाही असं नसतं.

बहिणीचं थोडं वेगळं आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक मिटलेलं असतं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. कुठल्या पेशीत कुठलं मिटेल हे नशिबावर. त्यामुळे वाहक बाईची पातळी नॉर्मल, मधली किंवा चक्क कमतरता असलेल्या पुरुषांइतकी कमीही निघू शकते, आणि हो-नाही सांगणारी चाचणी मधल्यांना हमखास चुकवते. तिने अर्धविराम म्हणतात ती आकड्यांची चाचणी करावी. आणि आजच प्रसूतितज्ज्ञांना सांगावं, कारण गरोदरपणात लघवीचा संसर्ग झाला की नायट्रोफ्युरँटॉइन सर्रास लिहिलं जातं. बाळ जन्मल्यावर त्याची तपासणी आणि काविळीवर बारीक नजर. पोटातल्या बाळाची कुठलीही चाचणी यासाठी करायला नको.

अर्धविराम

सुतोवाच +१. बाबांची कल्पना आवडली.

टाकीचे_घाव

राहिला घरचा प्रश्न. सासूबाईंना एवढं सांगून बघा की जगात ४० कोटींच्या आसपास लोकांना हे आहे, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथेच हे जास्त सापडतं, कारण त्यापासून थोडा बचाव होत होता म्हणून ते टिकलं. तुमच्या माहेरच्या कोणाच्या तरी पूर्वजाला यानेच तारलं असेल. सासूबाईंना पटेल की नाही सांगता येत नाही. माझ्या आईला पटलं नव्हतं, पण नातू धडधाकट वाढताना बघून विषय आपोआप मागे पडला.

कोणाला सांगायचं? ज्याच्या हातून बाळाला औषध, खाणं किंवा कपडा दिला जाणार आहे त्याला सांगायचं. पाळणाघर, शाळा, प्रत्येक डॉक्टर, सांभाळणारी मावशी. रक्ताच्या नात्यातल्या ज्यांना स्वतःला चाचणी लागू होते, त्यांना. बाकी नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकायचं कारण नाही. नवरा म्हणतो तसं पूर्ण गप्प बसणं मला धोक्याचं वाटतं.

तुमच्या नवऱ्याची भीती मात्र अगदीच अनाठायी म्हणणार नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात सिकल सेलच्या (हाही लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासण्यांची लाट आली तेव्हा आजारी आणि नुसता वाहक यांतला फरक भल्याभल्यांना कळला नाही. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. पुढे २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, तोही आरोग्य विमा आणि नोकरी यांपुरता, आयुर्विमा त्यातून सुटला. तेव्हा कागद कुठे जातोय यावर लक्ष ठेवणं शहाणपणाचंच. फक्त पाळणाघरातली बाई आणि विमा कंपनी यांना एकाच मापाने मोजू नका.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटं काल रात्रीच उपसली. बाळाच्या आजीने जपून ठेवलेल्या नवऱ्याच्या लहानपणीच्या झबल्यांच्या गाठोड्यातच गोळ्या निघाल्या. सासूबाईंनी स्वतः ते गाठोडं धुवायला काढलं, फार बोलल्या नाहीत. बहिणीने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी फाइलवर लाल पेनने लिहून घेतलं. बाबा 'मला काय झालंय' म्हणत आहेत, पण आई त्यांना या आठवड्यात लॅबमध्ये नेणार आहे.

आणखी एकच विचारते. पुढच्या आठवड्यात लस आहे. ती द्यायची ना? आणि नंतर ताप आला तर?

अर्धविराम

लस सगळ्या वेळेवर द्यायच्या, काही अडचण नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं, डोस डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. ॲस्पिरिन या वयात कोणालाच द्यायचं नसतं. आणि नेताना रिपोर्टची एक प्रत सोबत घेऊन जा, लसीकरणाच्या कार्डावरच त्यांच्याकडून लिहून घ्या. बाबांचा आकडा आला की इथे टाका.