मधमाशीपालनासाठी कोणते हातमोजे घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला राहतो आणि काटोलजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहारापासून (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यापासून) सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या 4 पेट्या ठेवल्या आहेत. सध्या वापरात असलेले बकरीच्या कातड्याचे हातमोजे कोपरापर्यंत येतात खरे, पण बोटांची टोके इतकी सैल आहेत की पेटीतली पोळ्याची चौकट उचलताना कडेची माशी बोटाखाली दबते, तिचा काटा कातड्यात रुतून राहतो आणि त्यातून पसरणाऱ्या, पिकल्या केळ्यासारख्या वासाने बाकीच्या माश्या त्याच जागी धावून येतात. धुऊन वाळवले तर कातडे पापडासारखे कडक होते.

नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) पातळ हातमोजे घालून पाहिले. बोटांना स्पर्श नीट कळतो, मात्र आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात दहा मिनिटांत आत घामाचे तळे साचते (मनगट उघडे राहते ते वेगळेच). सातेरी तुलनेने शांत असल्याने कापडी बाह्यांवर नायट्राइल चढवणे पुरेसे होईल, की नेमक्या मापाचे मऊ कातडीच घ्यावेत? ज्यांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात दोन्ही वापरले आहेत, त्यांनी मापासह अनुभव कृपया कळवावा.