थकबाकी आली आणि घरात चार मतं झाली

प्रश्न:
ह्यांच्या पगाराची जुनी थकबाकी गेल्या महिन्यात एकदम जमा झाली. आम्ही तर तिच्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं. सात महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आहे. हे म्हणतात, सगळी गृहकर्जात भरू. मुलीला लॅपटॉप हवाय, आहे तो चार्जर काढला की बंद पडतो. सासूबाई म्हणतात, "मला काही नको, मुदत ठेवीत टाका," आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवतात. एरवी ऐकू येत नाही, पण श्रवणयंत्राचं नाव काढलं की बरोबर ऐकू येतं आणि चिडतात.

मला काय हवंय ते कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पैसे बचत खात्यात पडून आहेत आणि पाझरताहेत. दोनदा बाहेर जेवण, पडदे, ह्यांचे बूट. दर वेळी "थकबाकीतून घेऊ". काल हिशेब केला, महिन्यात शंभरातले ९ गेले आणि ठरलं काहीच नाही! कर्ज ९ टक्क्यांचं, २० वर्षांचं, तिसरं वर्ष चालू. क्रेडिट कार्डाची बाकीही आहे (माझी, ह्यांना अर्धीच माहीत आहे). तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १:
आधी कार्ड. महिना ३ टक्के व्याज धरलं तर चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं. त्यापुढे गृहकर्ज म्हणजे गरीब गाय. राहिलेली अर्धी बाकीही सांगून टाका. थकबाकी कर कापून आली का तेही बघा, नाहीतर त्यातला काही भाग तुमचा नाहीच. आणि लॅपटॉपची बहुतेक बॅटरी गेलीय, ती बदलून मिळते.

प्रतिसाद २:
यजमानांचं अगदीच चूक नाही. अशा कर्जाच्या पहिल्या हप्त्यात शंभरातले ८३ व्याजाचे असतात, तिसऱ्या वर्षीही ८०च्या आसपास. आत्ता जादा भरलेलं थेट मुद्दलातून वजा होतं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या. पण सगळं भरू नका. मी एकदा मिळालेला बोनस झाडून कर्जात भरला होता. चार महिन्यांनी नोकरी गेली. भरलेले पैसे परत मिळेनात, मग घर चालवायला जवळजवळ दुप्पट दराचं वैयक्तिक कर्ज काढलं. बायकोने तेव्हा काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.

प्रतिसाद ३:
"थकबाकीतून घेऊ" हीच खरी गळती. २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी नेमकं हेच मांडलंय: माणूस मनात पैशांची वेगवेगळी खाती पाडतो, आणि अचानक आलेल्या पैशाच्या खात्यावर हात सैल सुटतो. तुमचा तर उशिरा आलेला पगारच आहे! ठरेपर्यंत वेगळ्या खात्यात हलवा, ज्याचं कार्ड कुणाच्याच खिशात नाही.
सासूबाईंना यंत्र घ्या म्हणू नका, तपासणीला चला म्हणा. आमचे वडील असेच आले. यंत्राची सवय व्हायला मात्र काही आठवडे गेले, पहिल्याच दिवशी निकाल लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
सांगितलं एकदाचं. हे पाच मिनिटं गप्प, मग म्हणाले, बुटांचे दोन जोड घेतलेत, दुसरा ऑफिसात आहे. कार्ड कालच फेडलं. तीन महिन्यांचा खर्च वेगळा काढला, उरलेल्यातलं बरंचसं कर्जात जाईल, मुदत कमी करून. बॅटरी बदलली, मुलगी थोडी हिरमुसली, कारण लॅपटॉप खरंच नीट चालायला लागला. मंगळवारी कानांची तपासणी आहे. "फक्त बघून यायचं," असं सासूबाईंनी तीनदा बजावलंय.

थोडे पैसे माझ्यासाठीही बाजूला ठेवलेत. कशासाठी, ते अजून सुचलेलं नाही.