एमजीबी घ्या, पण आधी सिल बघा

भायखळ्याच्या गॅरेजात सुटी करून ठेवलेली १९६४ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यावी का, असं विचारलंत. मालकाचं 'सगळे पार्ट आहेत' हे कानाआड करा. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार पेलते. सिल म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, त्या गंजून सडल्या असतील तर बाकी चर्चा नंतर. मुंबईच्या दमट हवेत त्या सडतातच. लोहचुंबक फिरवा, चिकटलं नाही तिथे गंज झाकायला भरलेली पुट्टी समजा.

गाडीवरची चासी नंबरची प्लेट आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडा. इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. मूळ इंजिन नंबर, रंग त्यात येतात. ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेचा नोंदणी नंबर मिळतो, पण बॉडी-इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आरसीच नसेल तर किंमत कितीही उतरवली तरी मी घेणार नाही.