लायकाचा उशीर आळसाचा नव्हता

'जर्मन कॅमेरा कंपनी लायका डिजिटलमध्ये आळसामुळे मागे पडली' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. तिच्या एम मालिकेच्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सची मागची काच सेन्सरच्या (फिल्मऐवजी प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) फार जवळ येते, कोपऱ्यांत प्रकाश तिरका पडतो. फिल्मला ते चालायचं, सेन्सरला नाही. सेन्सरवरची काच जाड असली की तिरका प्रकाश आणखी बिघडतो, म्हणून २००६च्या एम८मध्ये ती जेमतेम ०.५ मिमी ठेवली. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत शिरला आणि काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसू लागले! कंपनीला लेन्सवर लावायचे, इन्फ्रारेड अडवणारे फिल्टर फुकट वाटावे लागले. २००९च्या एम९ला वेगळी काच लावली, तर ती दमटपणाने खराब होऊ लागली.

त्यामुळे बडोद्यात जुना एम९ घेताना एफ/१६ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, १०० टक्के मोठा करून बघा. डागाभोवती कडं दिसलं तर ती बहुधा धूळ नव्हे, काच गेलीय. विकणारे सेन्सर बदललाय म्हणाले तर बिल मागा.