समाजशास्त्र घेतलं, पुढे काय केलंत? (अनुभव धागा)

भाचीने बीएला समाजशास्त्र स्पेशल घेतलंय. परवा जेवताना तिच्या बाबांनी विचारलं, "म्हणजे समाजसेवा करणार का?" ती म्हणाली, "नाही, समाजशास्त्र." "बरं, मग पगार कोण देणार?" तिला उत्तर देता आलं नाही आणि मलाही नाही, मी पडलो कॉमर्सवाला. म्हणून शिकलेल्यांनीच सांगा, पहिला पगार कोणत्या कामाचा होता, आज काय करता. 'विषय छान आहे' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते मी तिला सांगून झालंय.

खानदेशी

एमए झाल्यावर पहिलं काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं, चौथी फेरी, 2015-16. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सर्व्हे, पण आम्हाला नेमलं होतं एका एजन्सीने. हातात छोटा लॅपटॉप, पाठीला सॅक, रोज नवं गाव.

पहिलाच प्रश्न घरात कोण कोण राहतं हा. सोपा वाटतो ना? एका माउलीने सहा नावं सांगितली. काल रात्री इथे कोण झोपलं होतं विचारलं तर चारच. थोरला मुलगा सहा वर्षं चाकणला कंपनीत, पण ती त्याला घरातच मोजत होती. "तो इथलाच की. त्याचं ताट बघा ना," म्हणून मांडणीवरचं ताट दाखवलं. लॅपटॉपला ताट कळत नाही. वर्गात आम्ही 'कुटुंब' आणि 'गृह' यातला फरक पाच मार्कांना पाठ केला होता. तो कळला त्या ओट्यावर.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. 15 ते 49 वयाच्या बाईची मुलाखत एकटीची घ्यायची असते, आणि सासू दारातच पाट टाकून बसते. सुनेला विचारलं की उत्तर सासू देणार. मग "मावशी, जरा पाणी मिळेल का?" ही युक्ती. दिवसाला इतकं पाणी प्यायले की पुढच्या वाडीत अडचण व्हायची. असो.

पैसे उशिरा मिळाले, शेवटचा हप्ता तर बुडालाच. पण त्याच अनुभवावर पुढची नोकरी लागली. आता मुंबईत बसून दुसऱ्यांनी भरून आणलेले फॉर्म तपासते. सगळ्या घरांत चारच माणसं दिसली की ओळखते, पोरगं झाडाखाली बसून भरतंय.

तासिकावाली

सेट (प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा) पास, एमएला पहिला वर्ग, आठ वर्षं तासिका तत्त्वावर. कॉलेजचं नाव घेत नाही. जूनमध्ये तास सुरू, नेमणूकपत्र ऑक्टोबरात, मानधन पुढच्या मार्चनंतर. शिकवायला अतोनात आवडतं, म्हणून टिकले. भाचीला सांगा, नेट-सेट जरूर दे, पण जागा निघेल म्हणून घरी बसू नको.

सातबारा

तीन वेळा यूपीएससी दिली, समाजशास्त्र वैकल्पिक. दोन पेपर, 250-250 मार्क. मेन्सच्या पुढे गेलो नाही. तलाठी झालो. सोबतचे म्हणाले, दर्खाइमसारखा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ वाचून फेरफार ओढायला आलास!

वारसनोंदीच्या दिवशी चावडीत बसून बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क, हे 2005 पासून कायद्यात आहे. तरी हक्कसोडपत्रावर सह्या करून आलेल्या बहिणी नव्या साड्यांत असतात, घड्या न मोडलेल्या. मी प्रत्येकीला एकच विचारतो, "ताई, कशावर सही केलीत माहीत आहे ना?" बहुतेक जणी भावाकडे बघतात. एकदा एक म्हणाली, "माहीत आहे भाऊसाहेब. पण माहेर लागतंच की." याला नातेसंबंध म्हणा, मालमत्ता म्हणा, माझा प्रबंध तिथेच संपला.

पौडरोड

सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स रिसर्च. म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात ते त्यांच्याशेजारी बसून बघायचं. बचतगटाच्या बायकांसाठी कर्जाचं अ‍ॅप होतं, बाया मध्येच सोडून देत होत्या. इंजिनिअर म्हणाले बटण मोठं करू. मी दोन दिवस गटासोबत बसले, तर ओटीपी जात होता नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा शिफ्टला. पगार चांगला आहे, पण या जाहिरातींत 'समाजशास्त्र' हा शब्द क्वचितच सापडेल.

ओपीडी

एक सावधगिरी. एमए समाजशास्त्र आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) एक नव्हे. सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला मी अर्ज केला, जाहिरातीत एमएसडब्ल्यू होतं, मी 'तेच ते' समजले. अर्ज बाद, फी गेली. मग पुन्हा दोन वर्षं एमएसडब्ल्यू केलं, आज त्याच कामात आहे.

जुनाविद्यार्थी

वडिलांना एवढं सांगा. मुंबई विद्यापीठात हा विभाग 1919 मध्ये ज्यांनी सुरू केला ते पॅट्रिक गेडीस मूळचे जीवशास्त्राचे, नाव झालं नगररचनेत. त्यांच्यामागून आलेले गो. स. घुर्ये संस्कृतचे एमए. या विषयात सरळ रस्त्याने कोणी आलंच नाही, तर जाताना कसला सरळ रस्ता शोधता? मी स्वतः बँकेतून निवृत्त झालो. कर्जवसुलीला माझ्याइतका कोणी चहा प्यायला नसेल.

(धागाकर्ता)

सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा तलाठ्याच्या पगारावर अडलेत. भाची विचारतेय, सासू पाणी आणायला उठलीच नाही तर?

खानदेशी

तर आधी सासूचीच मुलाखत घ्यायची. तिला आजवर कोणी काही विचारलेलं नसतं. तासभर बोलते आणि मग स्वतःच चहा टाकायला आत जाते.